कंपनीचे श्रमदान आणि रानाचे पंचांग



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत. त्या मालिकेत आमचा आजचा विषय काहीसा उपरा वाटण्याचा संभव आहे. कंपन्यांतील नोकरवर्ग एखाद्या शनिवारी बसमध्ये बसून अभयारण्यात किंवा राखीव रानात जातो, तेथे तीनचार तास अंगमेहनत करतो आणि संध्याकाळी घरी परततो, या प्रकाराबद्दल आम्हांस बोलावयाचे आहे. विषय उपरा असला तरी माणसे उपरी नाहीत. समोर बसलेल्यांपैकी अनेकांची मुले, सुना, जावई हिंजवडीस किंवा खराडीस कामाला आहेत, आणि पुष्कळांच्या कपाटात कंपनीचे नाव छापलेला एखादा हिरवा टी-शर्ट घडी करून ठेवलेला असेल. तो ज्या दिवशी अंगावर चढला त्या दिवशी रानाच्या पदरात काय पडले, एवढाच आमचा प्रश्न आहे. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांस इतकाच, की आम्ही काही मंडळी वनखात्याच्या परवानगीने गेली काही वर्षे रविवारी एका टेकडीवर खुरपे घेऊन जात असतो, आणि अशा बसगाड्या येताना व जाताना पाहत असतो.

त्या दिवसाचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. बस सातला निघावयाची ती साडेसातला निघते आणि साडेनऊच्या सुमारास पोहोचते. उतरल्यावर पोहे आणि चहा होतो. मग कोणी अधिकारी निसर्गाविषयी दोन शब्द बोलतात. हातमोजे वाटले जातात, फलक ताणून धरला जातो, त्यामागे सगळे उभे राहतात आणि छायाचित्र निघते. खड्डे गावच्या मजुरांनी आधीच खणून ठेवलेले असतात; त्यांत रोप ठेवावयाचे, माती लोटावयाची, तांब्याभर पाणी घालावयाचे आणि पुन्हा छायाचित्र. एक वाजता जेवण, त्यानंतर रस्सीखेच किंवा अंताक्षरी, आणि चारला बस परत. हे वर्णन आम्ही कुचेष्टेने करीत आहोत असे कृपया समजू नये. पाच दिवस पडद्यासमोर बसलेल्या माणसाने सहाव्या दिवशी स्वखुशीने उन्हात घाम गाळावा, ही गोष्ट आम्हांस मुळीच हास्यास्पद वाटत नाही. त्या घामाला योग्य वाट मिळत नाही, याचे वाईट वाटते.

श्रमदान हा शब्द आपणांस नवा नाही. गाडगेबाबा गावात आले की कीर्तनाआधी खराटा घेऊन गावाचे रस्ते झाडीत, हे या सभागृहातील कोणास सांगावयास नको. झाडे लावण्याचा सोहळाही जुनाच आहे. कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्री असताना १९५० साली त्यांनी वनमहोत्सव सुरू केला, आणि तो जुलैत ठेवला, हे लक्षात असू द्यावे. त्याकडे पुढे यावयाचे आहे. परंतु पगारदारांच्या तुकडीने एक दिवस रानात जाऊन काम करावे ही जी आजची पद्धत आहे, तिचा वळसा मात्र इंग्लंडवरून आलेला आहे. म्हणून दोन क्षण तिकडे जाऊ.

लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यात बॉक्स हिल नावाची खडूच्या दगडाची टेकडी आहे. तिच्या उतारांवर आखूड गवत असे, त्या गवतात ऑर्किडची फुले येत आणि त्यांवर नाना जातींची फुलपाखरे. हे गवत आखूड राही ते मेंढ्यांमुळे आणि सशांमुळे. मेंढ्या चारणे कमी झाले, आणि १९५३ साली सशांमध्ये एक साथ आली तिच्यात ससे अतोनात मेले. तोंडे नाहीशी झाल्यावर झुडपे माजली. गवत, फुले आणि फुलपाखरे मागे हटू लागली. १९५९ साली तेथे स्वयंसेवकांची एक तुकडी गेली. कन्झर्वेशन कोअर हे तिचे नाव, आणि तिचे हे पहिलेच काम. पुढे तीच संस्था नावे बदलीत आजही चालू आहे. त्या तरुणांत डेव्हिड बेलामी होते, ते मागाहून वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून घरोघर माहीत झाले. आता ही मंडळी तेथे काय करण्यास गेली होती? झाडे लावण्यास नव्हे. ती झुडपे तोडण्यास गेली होती! गवत वाचवावयाचे तर झुडूप काढले पाहिजे, एवढे साधे गणित होते. निसर्गरक्षणाच्या संघटित श्रमदानाचा आरंभ कोयत्याने झाला, ही गोष्ट आपल्याकडील फलकधारी मंडळींस सांगितली तर ती खरी वाटावयाची नाही.

तिकडे पुढे कंपन्याही या कामात उतरल्या. इंग्लंडमध्ये परगण्यापरगण्यांच्या निसर्गसंस्था आहेत, त्यांच्या ताब्यात राखीव राने आहेत, आणि त्यांपैकी अनेक संस्था कंपनीची तुकडी आली तर तिच्याकडून शुल्क घेतात. फुकट राबावयास आलेल्यांकडूनच पैसे घ्यावयाचे, हे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. पण हिशेब पाहावा. तीस माणसे येणार म्हणजे रानाच्या रखवालदाराचा अख्खा दिवस त्यांच्यामागे जातो. आधी जागा आखावी लागते, अवजारे मोजून धार लावून ठेवावी लागतात, कोणाच्या पायावर कोयता पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते, आणि ती गेल्यावर अर्धवट राहिलेले काम पुरे करावे लागते. तीस नवशिक्यांचे चार तास कागदावर एकशेवीस तास होतात. रानात ते त्याहून पुष्कळ कमी भरतात. ही तूट कोणी सोसावयाची? तिकडच्या संस्थांनी उत्तर दिले की ज्याच्या नोकरवर्गास त्या दिवसाचा लाभ होतो, त्याने.

दुसरी अडचण वेळेची. झुडपे तोडावयाची तर ती हिवाळ्यात. वसंतापासून त्याच झुडपांत पक्ष्यांची घरटी असतात. कंपन्यांस मात्र ऊन हवे असते. उन्हाळ्याच्या दिवसांसाठी तिकडे एक काम आहे, आणि त्या कामाची गंमत अशी की त्यातील खलनायक आपल्याकडचा आहे. आपल्या तेरड्याचा एक थोराड भाऊबंद हिमालयात होतो. तो १८३९ साली बागेची शोभा म्हणून इंग्लंडात नेला आणि तेथे बागेबाहेर पडून त्याने नद्यांचे काठ व्यापले. तो पुरुषभर उंच वाढतो, त्याची शेंग तडकली की बी सात मीटरपर्यंत उडते, आणि हिवाळ्यात तो मरून गेला की काठ उघडा पडून माती वाहून जाते. पण त्याचे मूळ वरवर असते. हाताने ओढले की रोप निघून येते. कोयता नको, कुऱ्हाड नको. त्याचे बी जमिनीत दोनेक वर्षांहून अधिक टिकत नाही. म्हणजे नदीच्या वरच्या अंगापासून सुरुवात केली आणि ओळीने दोनतीन वर्षे बी धरण्याच्या आधी उपटले, तर तो काठ मोकळा होतो. नवशिक्यांच्या तुकडीस याहून चांगले काम शोधून सापडणार नाही. मात्र पुढच्या वर्षी परत गेले नाही, तर पहिल्या वर्षीची मेहनत वाया जाते. आणि खालच्या अंगापासून सुरुवात केली तर वरचे बी वाहत येऊन ती पहिल्याच पुरात वाया जाते.

आता घरी येऊ. आपल्याकडे या प्रकारास जोर चढला तो २०१३ च्या कंपनी कायद्याने. त्याच्या १३५ व्या कलमान्वये ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असे ठरले. एप्रिल २०१४ पासून हे अंमलात आले. पर्यावरणाचे रक्षण हे त्या कार्यांच्या यादीत आहे. साहजिकच कंपन्यांची दृष्टी रानाकडे वळली. पण या कायद्याच्या पोटात एक बारकावा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. कंपनीच्या नोकरांनी स्वतः केलेल्या कामाची किंमत पैशांत धरून ती या २ टक्क्यांत दाखविता येईल काय, असा प्रश्न निघाला होता. २०१६ च्या आरंभी सरकारी खुलासा निघाला तो असा, की नोकरवर्गाने अशा कामात भाग घ्यावा हे इष्टच आहे, त्यास उत्तेजन द्यावे. परंतु त्यांच्या विनामूल्य सेवेची किंमत या खर्चात धरता येणार नाही. मॅरेथॉन शर्यतीसारखे एकदिवसीय समारंभ या खर्चात बसत नाहीत, हे तर २०१४ मध्येच सांगून झाले होते.

आम्हांस हा खुलासा फार शहाणपणाचा वाटतो. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. रानास जो पैसा द्यावयाचा तो द्या. आणि माणसे पाठवावयाची तर तीही पाठवा. पण माणसे पाठविली म्हणून पैशातून सूट मागू नका. प्रत्यक्षात मात्र या दोन गोष्टींची गल्लत होते. कंपनीस आपल्या माणसांत एकोपा वाढावा असे वाटते. ही इच्छा रास्त आहे. पूर्वी त्यासाठी सहली निघत आणि त्यांना कोणी सहलीखेरीज दुसरे काही म्हणत नसे. सहलीस रानाची हरकत नाही. सहलीस रानसेवा म्हणू लागल्यापासून हरकतीचा प्रश्न येतो.

या सेवेत सर्वांत आवडते काम झाडे लावण्याचे, कारण झाड मोजता येते. पाचशे माणसे, पाचशे रोपे, असे वार्षिक अहवालात छापता येते. आपल्या राज्यानेही २०१६ साली २ कोटींपासून आरंभ करून २०१९ साली ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता, तेव्हा कंपन्यांनाच नावे ठेवण्यात अर्थ नाही. आकड्याचा मोह सर्वांस सारखाच. पण रोप कोठे लावावयाचे, हा प्रश्न त्या मोहात हरवतो. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झाले. क्षेत्र इनमीन पाच चौरस किलोमीटर. तेथे गेलेला नवखा माणूस म्हणतो, "येथे तर काहीच नाही!" काहीच नाही म्हणजे मोठी झाडे नाहीत. कुसळी आणि पवन्याचे गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा हिवर, आणि त्या गवतात चिंकारा. सकाळच्या वेळी चंडोल आकाशात चढून गातो, धाविक पक्षी पावले टाकीत पळतो, आणि आसपासच्या माळांवर लांडगा व खोकड असतात. या सर्वांस मोकळा माळच लागतो. चिंकाऱ्याचे संरक्षण त्याच्या दूरवर पोहोचणाऱ्या नजरेत आणि वेगात आहे; त्याच्यासमोर दाट झाडी उभी केली तर त्याचे दोन्ही आधार गेले. सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य १९७९ साली ज्या माळढोकासाठी झाले, त्या पक्ष्याची सारी कहाणी गवताळ माळ आटण्याची आहे. ज्यास आम्ही ओसाड म्हणतो ते एक भरलेले घर असते. सरकारी दप्तरात त्याची नोंद पडीक म्हणून झाली ती इंग्रजी अमदानीत, कारण त्यातून सारा मिळत नव्हता. सारा गेला, इंग्रज गेले, शिक्का तेवढा राहिला. धनगराच्या मेंढरांनी त्या माळास कधी पडीक म्हटले नाही.

पुण्याच्या टेकड्यांवर काय झाले ते आपण रोज फिरावयास जाता तेव्हा पाहताच. गिरिपुष्प ऊर्फ उंदीरमारीची नुसती काडी रोवली तरी जगते, म्हणून ती सर्वत्र लावली गेली. मार्चमध्ये तिला गुलाबी बहर येतो, लोक छायाचित्रे काढतात, आणि तिच्या सावलीखाली पूर्वीचे गवत फारसे उरलेले नसते. हिरवे झाले एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी एकदा त्या झाडीत शिरून खाली पाहावे.

झाडे लावावयाचीच नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. जेथे रान होते आणि तुटले, तेथे त्या रानाचीच झाडे अवश्य लावावी. पण तारीख? कंपन्यांचा मोठा दिवस म्हणजे ५ जून, जागतिक पर्यावरण दिन. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला पोहोचतो. पुढे जमिनीत ओल मुरावयास आणखी काही दिवस लागतात. म्हणजे कोरड्या ठणठणीत जमिनीत, चाळीस अंशांच्या आठवणी ताज्या असताना, पिशवीतले रोप आपण उघड्यावर ठेवतो. पाऊस लांबला की संपले. मुनशींनी जुलै निवडला होता तो उगीच नव्हे. कंपन्यांचा दुसरा मोसम मार्चअखेर, कारण तेव्हा वर्षाचे हिशेब मिटवावयाचे असतात. आणि रानात तेव्हा वणव्याचे दिवस असतात. वनरक्षक त्या वेळी जाळरेषांवर फिरत असतो, रात्र रात्र जागत असतो. नेमके तेव्हाच त्यास शंभर पाहुण्यांच्या चहापाण्याकडे पाहावयास सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे, दुसरा शब्द नाही.

रानाचे स्वतःचे पंचांग असते, आणि खाडीकाठी तर ते अक्षरशः पंचांगच असते. कोकणातल्या जुन्या माणसांस विचारा. तिथीचा आकडा घ्यावयाचा, त्याची पाऊणपट करावयाची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या खारफुटीतला प्लास्टिकचा कचरा काढावयास ज्या तुकड्या जातात, त्यांचा कार्यक्रम नऊ ते एक असा असतो. अष्टमीच्या आसपास गेल्या तर पाणी उतरत जाते आणि काम होते. पौर्णिमा-अमावास्येस गेल्या तर उधाणाचे पाणी नेमके कामाच्या वेळेस चढते आणि मंडळी काठावर उभी राहून भाषणे ऐकतात. शनिवार कोणता ते मनुष्यबळ विभाग ठरवितो; चंद्रास विचारण्याची पद्धत नाही. शिवाय तिवरांच्या झाडांखाली चिखलातून बोटांएवढी श्वासमुळे वर आलेली असतात. चिखलात मूळ गुदमरू नये म्हणून झाडाने केलेली ती सोय. सत्तर जोड बूट त्यांवरून चार तास फिरले तर कचरा निघाला खरा, पण झाडाच्या नाकावर पाय पडला. आणि पुढील भरती नवा कचरा घेऊन येतेच. ठाण्याच्या खाडीस २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला. पाण्याबरोबर येणाऱ्या पिशव्यांना त्याची कल्पना नसावी. तेथे जे लोक पंधरवड्यास पंधरवड्यास, थोडे थोडे, ओहोटी साधून जातात, त्यांच्याच हातून काही होते.

मग तुकडीस देण्याजोगे काम तरी कोणते? आमच्या मते आपल्याकडे हिमालयाच्या तेरड्याचा जोडीदार घाणेरी. टणटणी म्हणा हवे तर. अमेरिकेतून ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आणली गेली, आणि आज सह्याद्रीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत तिने रानाचा तळ झाकून टाकला आहे. खाली गवत उगवत नाही, म्हणून हरणांस चारा नाही. ती वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. हे न समजल्यामुळे कित्येक श्रमदाने तिला खतासारखी लाभली आहेत. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटच्या रानात जी रीत बसविली ती अशी: जमिनीच्या किंचित खाली, जेथून नवे फुटवे येतात त्या भागाच्या खालून, कुदळीने मुख्य मूळ तोडावयाचे, झुडूप उचलावयाचे आणि मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवून द्यावयाचे. ते वाळून जाते. दोघांतिघांस मिळून एक झुडूप सहज निघते. ज्यांना एकोपा हवा त्यांना एकोपाही मिळतो.

पण खरे काम त्यानंतरचे आहे. घाणेरीची काळी फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात, झाडावर जाऊन बसतात, आणि खाली बी पडते. पुढल्या पावसाळ्यात त्या झाडांखाली आणि ओहोळांच्या कडेने बोटभर रोपांची दाट लव उगवते. ती उपटावी लागते. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. आणि मोकळ्या झालेल्या जागी गवताचे बी टाकावे लागते, नाहीतर तेथे रानमोडी येऊन बसते. अभयारण्यात यातील कोणत्याही कामास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रीतसर परवानगी लागते, आणि ती लागावी हेच बरे. कारण घाणेरी म्हणून करवंदीची जाळी तोडणारे उत्साही वीर आम्ही पाहिले आहेत.

आता सर्वांत नाजूक मुद्दा, मजुरीचा. एका बसचे भाडे, पन्नास टी-शर्ट, पन्नास जेवणे, फलक आणि छायाचित्रकार यांची बेरीज करा. तेवढ्या पैशांत रानालगतच्या पाड्यावरील दहा माणसांना कितीतरी दिवस रोजगार मिळेल, आणि ती माणसे पन्नास पाहुण्यांहून चौपट काम करतील. त्यांना कुदळ धरावयास शिकवावे लागत नाही, आणि घाणेरी व करवंद यांतला फरक त्यांच्या पोरांनाही ठाऊक असतो. जे काम त्यांच्या पोटाचे आहे तेच शहरच्या माणसांनी हौसेने फुकट करावे, आणि ज्यांनी खड्डे खणले त्यांनी छायाचित्राच्या चौकटीबाहेर उभे राहावे, हे चित्र आम्हांस बोचते. यावर कोणी म्हणेल, मग पैसे पाठवावे आणि घरी बसावे. हिशेबाने हे उत्तर बरोबर आहे, आणि तरीही आम्ही ते स्वीकारीत नाही.

कारण रानावर संकट येते तेव्हा कोणी बोलावे लागते. २०२३ साली वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या योजनेविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. ते कोण होते? त्या टेकडीवर वर्षानुवर्षे पहाटे चढणारी माणसे. त्यांना तेथील कोणत्या वळणावर मोर दिसतो आणि खाणीत पाणी केव्हा साठते ते माहीत होते. मजूर लावून टेकडी स्वच्छ ठेवली असती तर टेकडी स्वच्छ राहिली असती, पण तिच्या बाजूने बोलावयास माणसे निघाली नसती. कंपनीचा दिवस असा साक्षीदार तयार करू शकतो. मात्र एकदाच भेटलेल्या रानाची साक्ष कोणी देत नाही. त्यासाठी तेच रान पुन्हा पुन्हा पाहावे लागते, ते उन्हाळ्यात कसे दिसते आणि पावसात कसे, आपण उपटलेल्या जागी काय उगवले, हे कळावे लागते. दरवर्षी नवे स्थळ निवडणाऱ्या कंपन्यांच्या हातून नेमके हेच निसटते.

पानी फाउंडेशनच्या जलस्पर्धेत २०१८ साली गावांनी ४५ दिवस बांधबंदिस्ती केली. १ मे रोजी शहरांतून हजारो माणसे एका दिवसाच्या श्रमदानास गेली. त्या एका दिवसास अर्थ होता, कारण त्याच्या आधी आणि नंतर गावाचे स्वतःचे काम चालू होते. पाहुण्याने चरात उतरून चार घमेली माती टाकली ती चालत्या कामात पडली. राखीव रानांतही हेच जमण्यासारखे आहे. पाड्यावरील माणसांना वर्षभर मजुरी मिळेल इतका पैसा कंपनीने आपल्या २ टक्क्यांतून द्यावा, काम त्यांचे असावे, आणि कंपनीच्या माणसांनी त्यांच्या हाताखाली दिवसभर राबावे. कुदळ कशी धरावी हे व्यवस्थापकास एखाद्या आदिवासी बाईने शिकवावे. तारीख वनरक्षकाने सांगावी, आणि ती गैरसोयीची असली तर रजा काढावी. पन्नासांऐवजी पंधराच जण यावेत, पण तेच पंधरा तीन वर्षे यावेत. आमच्या माहितीच्या एका कंपनीपुढे आम्ही ही सूचना ठेवली, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी फार सौजन्याने ऐकून घेतले आणि विचारले, "पण मग बाकीच्या पस्तीस जणांचे काय करावयाचे?" त्यांना सहलीस न्यावे, असे आम्ही सांगितले. सहल ही चांगली गोष्ट आहे.

आमच्या टेकडीवर गेल्या हिवाळ्यात काढलेल्या घाणेरीच्या जागी या पावसाळ्यात बोटभर रोपे उगवतील. ती गुडघ्यांवर बसून, चिखलात, एकेक करून उपटावयाची आहेत. पाऊस चालू असतानाच हे काम करावे लागते, कारण तेव्हा मूळ अखंड निघते. त्याचे छायाचित्र चांगले येत नाही. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी बाहेर मेजावर ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. कंपनीचे नाव लिहिण्याची गरज नाही. पण पुढच्या वर्षी कोणत्या रविवारी याल, त्यासाठी जो रकाना आखला आहे तो कृपया मोकळा सोडू नये.